आच किती अंशांची हवी?

मंडळी, उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की कारखानदारांच्या बैठकीत पहिला विषय निघतो छपरावरच्या सौर पॅनेलचा. पॅनेल जरूर बसवा. पण उद्योगाला लागणाऱ्या ऊर्जेत दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा उष्णतेचा असतो, आणि ती बहुतेक ठिकाणी इंधन जाळूनच मिळवली जाते. म्हणून मी आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे. तुमच्या प्रत्येक यंत्राला, प्रत्येक टाकीला आच नेमकी किती अंशांची लागते?

हे विचारलं की उत्तर येतं दाबाचं. ‘आमची लाईन सात बारची.’ सात बारची वाफ म्हणजे सुमारे १७० अंश सेल्सिअस. ती जाते कुठे? कित्येकदा ६० अंशांचं धुण्याचं पाणी तापवायला. बॉयलरच्या आत हजार अंशांच्या वरची ज्योत, तिच्यावर १७० अंशांची वाफ, आणि शेवटी हाती काय, तर कढत पाणी! एवढ्याशा कामाला ज्योतच नको. तिथं उष्णता पंप चालतो. वाया चाललेली कोमट उष्णता तो उचलतो आणि वरच्या तापमानाला नेऊन सोडतो. चढण बेताची असेल तर विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीनेक युनिटं मिळतात. वीज कोळशाची असेल तर खरा फायदा किती, हे मात्र मोजूनच ठरवा.

पंप घेण्याआधी बॉयलरपासून शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत एकदा पायी चाला. मी चालतो तेव्हा हातात लांब स्क्रू ड्रायव्हर असतो. टोक स्टीम ट्रॅपला, म्हणजे नळात साचलेलं पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपेला, टेकवायचं, मूठ कानाशी धरायची. ठीक असलेला ट्रॅप बहुधा थांबून थांबून बोलतो: पाणी सोडलं, मिटला, पाणी सोडलं, मिटला. उघडा अडकलेला ट्रॅप अखंड सूं करत राहतो. त्या आवाजातून जिवंत वाफ चाललेली असते, म्हणजे जाळलेलं इंधन चाललेलं असतं. एका कारखान्यात तर कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, सरळ गटारात सोडलेलं पाहिलं. ९० अंशांचं, प्रक्रिया केलेलं पाणी ओतून द्यायचं आणि बॉयलरला ३० अंशांचं नवं पाणी पाजायचं! बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी गरम मिळालं की इंधन साधारण १ टक्क्यानं वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना आडाखा. सगळं कंडेन्सेट परत आलं असतं तर तिथं दहाएक टक्के इंधन वाचलं असतं. त्या गटाराशी उभं राहून मला खरंच वाईट वाटलं.

आता कुंपणापाशी या, कारण अख्ख्या प्रदेशाचं उत्सर्जन कमी करायचं असेल तर एकेका कारखान्याचा हिशेब पुरत नाही. तुमच्या चिमणीतून २०० अंशांचा धूर जातो, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला ८० अंशांवर माल वाळवायचा असतो. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गला शेजाऱ्यांनी हेच ओळखलं. तिथं १९७२ साली तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू जिप्समचे फलक बनवणाऱ्याकडे जाऊ लागला. पुढे वीज केंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांकडे गेली, आणि धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्समही फलकवाल्याच्या कामी आलं. वरून कुणी आराखडा लादला नव्हता. माणसं एकमेकांना ओळखत होती, आणि करार दोघांच्याही फायद्याचे होते. अशा करारात नळ टाकणं सोपं असतं. शेजाऱ्याचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद असेल तेव्हा वाफ कुठून आणायची, हे आधी लिहून ठेवणं अवघड, आणि वाटाघाटी मोडतात त्या इथंच.

काही ठिकाणी मात्र नुसती ज्योत बदलून भागत नाही. सिमेंट घ्या. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी सूर्यावर चालवली तरी तो जाणारच, कारण तो दगडातच आहे. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग हा असा दगडातला. पोलादाचं दुखणं याच जातीचं: कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, तिथं नुसती आच देत नाही, लोहखनिजातला ऑक्सिजनही ओढून घेतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो. ते काम हायड्रोजनकडून करवून घेण्याचा प्रयोग स्वीडनमध्ये लुलिओच्या कारखान्यात २०२० पासून चालू झाला.

सिमेंटमध्ये आज हाताशी असलेला उपाय म्हणजे क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे खडे, कमी करणं. निम्म्याच्या आसपास क्लिंकर, बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजता दळलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. क्लिंकरला १४५० अंश लागतात, मातीला ८०० च्या आसपास पुरतात. साध्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं. भट्टी आहे, माती आहे, तंत्रही आहे. अडतं ते निविदेत. तिथं बांधकाम खातं जुन्या सिमेंटचं नाव लिहितं. त्याऐवजी २८ दिवसांची ताकद आणि टिकाऊपणाची कसोटी लिहिली, तर हे सिमेंट त्याच निविदेत उतरू शकतं.