गोल पिन बसली, व्होल्ट जुळले का?

(दृश्य: पुणे, बुधवार पेठ. तपकीर गल्लीतली दुकानं, टांगलेले काळे ॲडॅप्टर.)

राउटर, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप. यांतलं एकही यंत्र भिंतीतल्या विजेवर थेट चालत नाही. सॉकेटमध्ये असते २३० व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज. राउटरला हवे असतात ९ किंवा १२ व्होल्ट, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. मधलं सगळं काम ॲडॅप्टरचं.

तो जळला की गिऱ्हाईक पिन दाखवून म्हणतं, "अशीच द्या." इथंच घोळ होतो. ९ व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरला अगदी सारखीच गोल पिन असू शकते. चुकीचा ॲडॅप्टरही घट्ट बसतो.

(दृश्य: लेबल, अगदी जवळून.)

म्हणून हे लेबल वाचायचं. काळ्या प्लास्टिकवर करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत ते छापतात, याचा खरंच राग येतो. आउटपुटचे व्होल्ट यंत्राला लागतात तेवढेच हवेत. अँपिअर, म्हणजे करंटचं माप, तेवढे किंवा जास्त चालतील, कारण यंत्र हवा तेवढाच करंट ओढतं. कमी पडले, तर ॲडॅप्टर तापतो आणि राउटर मधूनमधून बंद पडतो.

शेजारी एक छोटं चिन्ह असतं. मधल्या ठिपक्याला अधिक जोडलेलं असेल, तर पिनच्या आतली बाजू धन. बहुतेक यंत्रांना हीच लागते. गिटारच्या पेडलना मात्र बहुधा उलटी.

इनपुटपुढे '१००–२४० व्होल्ट' असेल, तर हाच ॲडॅप्टर अमेरिकेतल्या १२० व्होल्टवरही चालतो. फक्त तिथल्या सॉकेटला बसणारा प्लग लावायचा. मुलांकडे नेलेल्या मिक्सरवर नुसते २३० लिहिलेले असतील, तर प्लग बदलून भागत नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

(दृश्य: उघडलेला, प्लग काढलेला ॲडॅप्टर.)

आत येणारी एसी आधी डीसी होते. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर तेव्हा सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात, म्हणून घरी उघडू नका. मग एक ट्रान्झिस्टर ही डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वेग इतका असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. जुने ॲडॅप्टर ५० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला फक्त ५० आवर्तनांवर काम करायचे, म्हणून त्यांत लोखंडाचा जड गाभा असायचा.

या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी असतात. एक भिंतीकडचं, एक आपल्या हाताकडचं. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात. ही फट, हे इन्सुलेशन, म्हणजे आपला जीव. अगदी स्वस्त, बिननावाच्या ॲडॅप्टरमध्ये नेमकी तिथंच काटकसर झालेली असू शकते. इन्सुलेशन फुटलं, तर चार्जिंगला लावलेल्या फोनपर्यंत २३० व्होल्ट पोचू शकतात. बाहेरून काहीही कळत नाही.

(दृश्य: लेबलवरची बीआयएसची खूण.)

घेताना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, ही खूण बघा. तिच्यासोबत 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपवर टाका, कुणाच्या नावावर नोंदणी आहे ते दिसतं. क्रमांक सापडला नाही किंवा नाव लेबलशी जुळलं नाही, तर तो ॲडॅप्टर घेऊ नका. दुसरा दाखवायला सांगा.