हात माझाच हाय

(दृश्य : सांगली. आयर्विन पुलावरची सकाळची वर्दळ. मग एका जुन्या घराचा हॉल. सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या.)

निवेदन :
गोल करून उभी असलेली ही माणसं स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावर उपचार घेत आहेत. कुणी मिरजेचं, कुणी पार जतहून आलेलं. इथं त्यांच्यासाठी नृत्योपचार, म्हणजे नाचातून उपचार, घेणाऱ्या ताई लगेच नाच सुरू करत नाहीत. आधी सगळ्यांना चपला काढून शहाबादी फरशीवर टाचा दाबायला सांगतात. "गार लागतंय का? कुठं लागतंय, टाचेला का बोटांना?" उत्तर यायला वेळ लागतो. ताई घाई करत नाहीत.

(दृश्य : निळ्या शर्टातल्या तरुणाचे हात. उजवा तळहात तो उलटसुलट करून बघतोय.)

याला विशीत, जवळ कुणी नसताना, आवाज ऐकू यायला लागले. गोळ्यांनी ते पुष्कळ कमी झाले. एक गोष्ट मात्र राहिली. तो म्हणतो, "हात हालतोय, पन मीच हालवतोय असं वाटत न्हाई ओ." आंघोळ टाळणं, आरशासमोर न जाणं, सतत भिंतीला पाठ लावून बसणं. आईला हा सगळा आळस वाटायचा. त्यात त्या माउलीचा काय दोष? या आजारात स्वतःच्या शरीराची ओळखसुद्धा पुसट होऊ शकते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही. हात कुठं लागणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं, म्हणून त्या स्पर्शाची धार तो बोथट करतो. २००० साली ब्रिटिश संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. ज्यांना आवाज ऐकू येतात, किंवा आपलं अंग दुसरंच कुणी चालवतंय असं वाटतं, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवत होता. निळ्या शर्टातला मुलगा जे सांगतोय ते थेट इथंच येऊन मिळतं.

त्यात औषधांची भर. ओलान्झापीन या गोळीनं भूक वाढते, वजन वाढतं. काही गोळ्यांनी अंग ताठरतं, हात थरथरतात. आधीच परकं वाटणारं शरीर आता ओळखूही येईनासं होतं. तरीही गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं. त्रास कमी करण्याचे मार्ग असतात.

(दृश्य : ताई आणि एक वयस्क काका समोरासमोर. काका खांदा किंचित उचलतात. ताईही उचलतात.)

मरियन चेस या अमेरिकन नर्तिकेनं १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांसोबत नाचातून काम सुरू केलं. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध त्यानंतर दहा वर्षांनी वापरात आलं. समोरचा डुलला की चेसही डुलायची, त्यानं मूठ आवळली की तीही आवळायची. न बोलणाऱ्या माणसालाही कळायचं, आपण केलेलं कुणीतरी पाहिलं.

काकांनी आता दुसरा खांदा उचलला. ताईंकडे बघून मुद्दाम उचलला.

(ध्वनी : लेझीम.)

इथं लेझीम घेतात, आणि मला ती निवड फार योग्य वाटते. हातात वजन असतं. आपण हलवली तरच ती वाजते, त्याच क्षणी वाजते, थांबवली की थांबते. हे मी केलं, याचा पुरावा लगेच कानावर पडतो.

काही नातेवाईक विचारतात, हे अंगात आल्यावर घुमतात तसलंच का? नाही. घुमताना माणूस भान सोडतो. इथं पावलापावलाला भान धरायला शिकवतात. कुणी हरवल्यासारखं दिसलं की ताई ताल हळू करतात, टाचा पुन्हा फरशीवर.

नाचानं स्किझोफ्रेनिया बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नृत्योपचाराला जवळच्या, शरीराधारित मानसोपचाराची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, निष्कर्ष २०१६ साली आले. २७५ रुग्ण होते. निरुत्साह, अबोलपणा यांवर हा उपचार पिलाटीस व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. तरीही मी या हॉलच्या बाजूनं बोलेन. औषध चालू असताना आठवड्यातून एकदा चार माणसांत उभं राहायचं आणि आपला हात आपणच हलवायचा, ही संधी या लोकांना दुसरीकडं मिळत नाही.

(दृश्य : गोल पुन्हा जमतो. निळ्या शर्टातल्या मुलाच्या हातात लेझीम.)

जत, आटपाडीकडं धनगरी गजीनृत्य आजही होतं. ढोल, हातात रुमाल, पावलाला पाऊल. त्या गजींपैकी कुणी या हॉलमध्ये येऊन शिकवावं, अशी ताईंची इच्छा आहे. हे पाहणाऱ्यांत कुणी असेल तर जरूर यावं. आणि घरात असा त्रास कुणाला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.