जागा सोडणारा वास्तुकार : बाळकृष्ण दोशी

पुण्यातलं एकत्र कुटुंब. आजोबांचा फर्निचरचा कारखाना, आणि माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं घर. बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी १९२७ मध्ये इथे जन्मले. घर एकदा बांधून संपत नसतं, हे आर्किटेक्चर शिकण्याआधीच त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं.

मुंबईचं जे. जे., मग लंडन, आणि १९५१ मध्ये पॅरिसला जगप्रसिद्ध आधुनिक वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं ऑफिस. पहिले आठ महिने बिनपगारी! आजच्या एखाद्या इंटर्नला हे सांगून पाहा. गुरूंच्या अहमदाबादेतल्या इमारतींवर देखरेख करायला दोशी १९५४ मध्ये परतले आणि तिथलेच झाले. पुढे अमेरिकी वास्तुकार लुई कान यांच्याबरोबर आयआयएमचं काम केलं.

इतक्या मोठ्या माणसांच्या सावलीत नक्कल करत आयुष्य जाऊ शकतं. पण हे 'संगाथ' पाहा, १९८० मध्ये पूर्ण झालेलं त्यांचं स्वतःचं ऑफिस. अर्धं जमिनीत उतरलेलं. वर लांबट कमानदार छपरं आणि त्यांवर चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांचा थर, ऊन परतवायला. हे पॅरिसहून आलेलं नाही.

२०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. तरी दोशी खरे कळतात ते इंदूरच्या अरण्य वसाहतीत. हातावर पोट असलेल्यांसाठी सर्वांत लहान प्लॉट साधारण ३५ चौरस मीटरचा. त्यावर दिलं काय? जोतं, संडास-न्हाणी, पाणी-विजेची जोडणी, फार तर एक खोली. पुढचं ज्याचं त्यानं बांधायचं, हातात पैसे येतील तसं. नमुन्यादाखल ८० घरं मात्र बांधून दाखवली.

हा बाहेरून चढणारा जिना बघा. वर खोली चढवली की भाड्यानं देता येते, आणि भाडेकरूला मालकाच्या घरातून ये-जा करावी लागत नाही. खाली ओटा. त्यावर गप्पा होतात, जमलं तर छोटं दुकानही चालतं.

याआधी, १९७३ मध्ये, अहमदाबादेत एलआयसीसाठी केलेल्या वसाहतीत त्यांनी मोठं घर तळाला ठेवलं, सर्वांत लहान वर. रहिवाशांनी गच्च्या बंद केल्या, खोल्या काढल्या, मूळची इमारत ओळखू येईना. दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. दोशींना त्याचं कौतुक होतं. घर वाढेल हे धरूनच तर त्यांनी गच्च्या सोडल्या होत्या.