वारा घरात शिरता कामा नये

मंडळी, चक्रीवादळाआधी घराची तयारी कशी करावी या विषयावर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न ठरलेला असतो. वादळाचा जोर वाढला की वाऱ्याच्या उलट बाजूची एखादी खिडकी उघडी ठेवावी का, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा होईल?

ठेवू नये. एकही नाही. घर काही हवाबंद डबा नसतं, फटींमधून दाब आपोआप जुळत राहतो. उघड्या खिडकीतून मात्र वारा आत घुसतो आणि छताला खालून रेटतो. छतावरून वेगाने जाणारी हवा त्याला आधीच वर ओढत असते. वरून ओढ, खालून रेटा, छत उडतं ते असं. छत गेलं की भिंतींचा माथ्याकडचा आधार जातो आणि मग भिंतीही धरवत नाहीत. म्हणून वादळाआधीच्या सगळ्या धावपळीत डोक्यात एकच गोष्ट ठेवायची: वारा आत येता कामा नये.

वाऱ्याचं गणित जरा फसवं आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरच्या एक चौरस मीटरवर साधारण 47 किलोंचा भार टाकतो, 200 किलोमीटरचा वारा जवळजवळ 190 किलोंचा. ‘आमच्या घराने अशी कितीतरी वादळं बघितलीत’ हे वाक्य मला फार धास्तावून सोडतं. कसली वादळं बघितलीत, हा खरा प्रश्न.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर 1974 च्या नाताळच्या पहाटे ‘ट्रेसी’ चक्रीवादळ आदळलं. विमानतळावरच्या वेगमापकाने ताशी 217 किलोमीटरची नोंद केली आणि तो बंद पडला. शहरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. नंतर अभियंत्यांनी पत्रे तपासले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वारा झोतांनी येतो. प्रत्येक झोताला पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती लवतो, परत बसतो, पुन्हा लवतो. असं तासन्‌तास चाललं की भोकाभोवती बारीक तडे जातात आणि एका क्षणी पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटतो. स्क्रू जागच्या जागी, पत्रा गायब! तेव्हा पत्र्याचं छत असेल तर हवा चांगली असतानाच वर माणूस चढवून बघून घ्या. ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना आणि कोपऱ्यांना. तिथे स्क्रू दाट हवेत, गंजलेले बदललेले हवेत. इशारा आल्यावर मात्र छतावर चढू नका. ओल्या पत्र्यावरून पाय घसरायला वादळाची गरज नसते.

आता काचा. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत अजून जात नाही. तिने काच फुटायची थांबत नाही, उलट बारीक तुकड्यांऐवजी मोठे, धारदार तुकडे अंगावर येतात. काचेचा खरा शत्रू वाऱ्यासोबत उडणारी वस्तू: फांदी, कौल, कुंडी, शेजारच्या गच्चीवरची खुर्ची. वादळी झडपा, म्हणजे खिडकीवर बाहेरून लावायची भक्कम झाकणं, असतील तर उत्तम, नसतील तर सोळा मिलिमीटरचं प्लायवूड. ते खिडकीच्या मापापेक्षा चहूबाजूंनी हातभर नको, चार बोटं जास्त कापा. नुसत्या खिडकीच्या चौकटीत खिळे ठोकून भागत नाही, पकड भक्कम भिंतीत हवी. भोकं आधीच पाडून ठेवा आणि प्रत्येक फळीवर ‘स्वयंपाकघर, उजवी’ असं ठळक लिहा. ऐन वेळी भुरभुर पावसात कुठली फळी कुठली हे शोधत बसणं म्हणजे निव्वळ वैताग.

दारांकडे लोक बघतच नाहीत. दुहेरी दाराची एरवी बंदच असणारी फळी वर आणि खाली, दोन्हीकडे बोल्टने पक्की करा. गाडी ठेवायच्या जागेचं रुंद दार हा तर घराचा सगळ्यात कच्चा दुवा. अमेरिकेत 1992 च्या ‘अँड्रयू’ वादळात असं दार आत दबलं की वाऱ्याला वाट मिळून छप्पर जायचं. आतल्या खोल्यांची दारंही लावून घ्या. एखादी खिडकी फुटलीच, तरी वारा त्या एका खोलीत अडकतो.

गच्चीवरच्या पन्हळी आणि जाळ्या साफ हव्यात. दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर दर चौरस मीटरला शंभर किलो वजन होतं. प्लॅस्टिकची टाकी रिकामी ठेवू नका. हजार लिटरची टाकी भरली की एक टनाची होते, रिकामी असली की पतंगासारखी जाते. शिवाय वीज गेल्यावर तेच पाणी वापराला येतं. प्यायचं पाणी वेगळं, माणशी दिवसाला चार लिटर धरा.

सगळं बाहेरचं काम सोसाट्याचा वारा सुटण्याआधी आटपा. त्यानंतर शिडी वापरायची नाही. मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर धावू नका, वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, डोक्यावर आलेला असू शकतो. थोड्या वेळाने वारा पुन्हा सुटतो आणि तोही उलट दिशेने. आतापर्यंत आडोशाला असलेल्या खिडक्या मग समोर येतात.

पण हे सगळं वाऱ्यासाठी झालं. समुद्राची लाट आत चढणार असेल, तर प्लायवूड, बोल्ट, टाकी, कशाचाच उपयोग नाही. चक्रीवादळात जीव जास्त करून पाण्याने जातात. घर सोडा असा निरोप आला की मुख्य स्विच आणि गॅस बंद करा, कागदपत्रं आणि औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कुठे चाललात ते कोणाला तरी कळवा आणि उजेड आहे तोवर निघा.