सील लागण्याआधी

(दृश्य : वाळूज एमआयडीसी. रिकामा कंटेनर घेऊन ट्रेलर मागे मागे येत डॉकला लागतोय.)

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालन्याच्या कारखान्यांतला माल याच लोखंडी पेट्यांतून परदेशी जातो. कंटेनरमध्ये कुणी लपून बसलंय का, हे शोधण्याची सर्वांत चांगली जागाही इथेच आहे. न्हावा-शेवा बंदरात एक्स-रे स्कॅनर आहेत, पण प्रत्येक कंटेनर त्यांच्याखालून जात नाही. जोखीम पाहून निवडले जातात. इथे मात्र दारं सताड उघडी असतात.

रिकामी पेटी म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी 2023 मध्ये चितगावहून मलेशियाच्या पोर्ट क्लांगला पोहोचलेल्या रिकाम्या कंटेनरमधून एक मुलगा जिवंत बाहेर आला होता.

(दृश्य : लेझर मीटरचा लाल ठिपका पुढच्या भिंतीवर.)

20 फुटी कंटेनर आतून सुमारे 5.9 मीटर लांब, 2.35 मीटर रुंद आणि 2.39 मीटर उंच असतो. पुढची भिंत हातभर अलीकडे आलेली डोळ्यांना कळत नाही, मीटरला कळते. मीटर नसला तर साधा टेप चालतो. मग कोपऱ्यांतले खांब पाहायचे. बाहेरून दिसणारी हवेची छिद्रं आतूनही दिसली पाहिजेत. आत ती सापडत नसतील, तर मध्ये दुसरी भिंत उभी केलेली असू शकते. हातोडीने ठोकून बघा. नालीदार पत्रा खणखणतो, मागे प्लायवूडची पोकळी असली की आवाज बदलतो.

आता एक माणूस आत थांबतो आणि दारं लोटली जातात. बाहेर सोबती उभाच असतो. अंधारात कुठून उजेडाची तिरीप येते ते पाहायचं. छताचं भोक, उचकटलेलं ठिगळ, तळाची सैल फळी अशीच सापडते. ओला रंग आणि ताजं वेल्डिंग दिसलं की विचारायचं: हे कधी केलं, कुणी केलं?

(दृश्य : दाराचा हँडल, अगदी जवळून.)

इथे थांबा. हँडलचं बूड दाराला रिव्हेटने पक्कं केलेलं असतं. रिव्हेट कापून तिथे नटबोल्ट लावला आणि वर रंग फासला, तर सीलला हात न लावता दार उघडता येतं. सील (दाराला लावलेली नंबराची खूण, जी कापल्याशिवाय निघत नाही) शाबूत, नंबर जुळतो, कागद बिनचूक. म्हणून सगळ्या रिव्हेटांची डोकी सारखी आहेत का, एखाद्याभोवती रंग वेगळा आहे का, हे बोटाने चाचपून पाहायचं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. गाडी निघायची घाई झाली की सगळ्यात आधी हीच दोन मिनिटं वाचवली जातात, आणि ते चुकीचं आहे.

दुसरी गफलत जेवणाच्या सुटीत होते. अर्धा माल भरलेला, दार नुसतं लोटलेलं, डॉकवर कुणी नाही. तेवढ्या वेळेपुरतं साधं कुलूप लावा.

माल भरला की उजव्या दाराच्या हँडलला बोल्ट सील. आयएसओ 17712 या सीलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यावर ‘एच’ (हाय सिक्युरिटी) अक्षर कोरलेलं हवं. डोळ्यांनी पाहा, नंबर कागदाशी ताडा, ओढून बघा, पिळून बघा. चिकटवलेलं किंवा आटे पाडलेलं सील पिळल्यावर हातात येतं. गाडी धाब्यावर थांबली, तर निघण्याआधी ड्रायव्हरने हे पुन्हा करायचं.

(दृश्य : दाराच्या रबराच्या फटीतून पातळ नळी आत जाते. पडद्यावर आकडे.)

बंद पेटीत माणूस श्वासावरून सापडतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420 भाग) असतो. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे 20 लिटर सोडतो. 33 घनमीटरच्या रिकाम्या पेटीत हवा खेळत नसेल, तर तासाभरात आकडा 600 पीपीएमने चढतो. माल भरलेला असेल तर मोकळी हवा कमी, म्हणून आणखी लवकर. मात्र आधी बाहेरचा आकडा घ्या, तोही डिझेलच्या धुरापासून लांब. कांदा आणि मोसंबीही श्वास घेतात, त्यामुळे अशा मालावर हा आकडा फसवतो.

तिथे हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र उपयोगी पडतं. त्याचे सेन्सर चेसीसला चिकटवतात. इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, शेजारचा फोर्कलिफ्टही थांबलेला. जोराचा वारा असला तर निकालावर भरवसा ठेवू नका.

ब्रिटनमध्ये ट्रकच्या बंद पेटीत लपलेली माणसं गुदमरून मेली. डोव्हर, 2000 : 58 मृत. एसेक्स, 2019 : 39 मृत. शेतमालाला कीड मारायची धुरी दिली असेल तर तिचा फॉस्फिन वायू गुदमरण्याहून लवकर जीव घेतो, म्हणून धुरीआधीची तपासणी चुकवू नये.

(दृश्य : दोन माणसं दाराच्या बाजूला उभी. एक जण फोनवर.)

आत कुणी असल्याचा संशय आला तर आधी 112 आणि 108. मग साक्षीदारासमोर सील कापून उजवं दार उघडायचं आणि बाजूला सरायचं. आतली हवा बाहेर पडेपर्यंत कुणीही आत उडी घेऊ नये; धुरीचा कंटेनर असेल तर वायू मोजल्याशिवाय नाहीच. नंतर नवीन सील, नवा नंबर, त्याचा फोटो, आणि कस्टम्सला त्याच दिवशी लेखी कळवणं.