स्फटिक मोडतो, स्फटिक सावरतो

[दृश्य : रत्नपुरा, श्रीलंका. चाळणीत ओले खडे.]

अणुकचरा हजारो वर्षं दगडात कोंडून ठेवता येईल का? उत्तर शोधायला हे खडे पाहू. हे झिरकॉन, म्हणजे झिर्कोनियम आणि सिलिकॉनचं खनिज. नदीच्या गाळातून चाळून काढलेले, वय सुमारे ५५ कोटी वर्षं. घडताना यांच्या पोटात थोडं युरेनियम आणि थोरियम अडकलं. तेव्हापासून आतल्या आत मारा चालू आहे.

काही खडे लख्ख, काही हिरवट, गढूळ. १९५५ साली हॉलंड आणि गॉटफ्रीड या शास्त्रज्ञांनी असे खडे तपासले. किरणोत्साराचा मारा जितका जास्त, तितका दगड हलका. निरोगी झिरकॉन पाण्याच्या ४.७ पट जड असतो. हिरवटांपैकी काही जेमतेम ४ पट भरतात. अणूंची शिस्तशीर मांडणीच मोडलेली. वरून स्फटिक, आतून काच.

[दृश्य : ॲनिमेशन. अणूंची जाळी.]

मोडतं कोण? युरेनियम-थोरियमचं विघटन होताना अणुगर्भातून अल्फा कण, म्हणजे हेलियमचा छोटा अणुगर्भ, सुसाट सुटतो, म्हणून संशय त्याच्यावर जातो. पण तोफेतून गोळा सुटला की तोफ मागे हटते. तसा उरलेला जड अणुगर्भ मागे रेटला जातो. खरी नासधूस त्याची. तो मिलिमीटरचा अगदी नगण्य अंश सरकतो आणि तेवढ्यात हजारो अणू जागेवरून उठवतो. केंब्रिजच्या इयान फार्नान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्लुटोनियम (अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सारी मूलद्रव्य) घातलेल्या झिरकॉनवरून हिशेब मांडला : एका विघटनामागे सुमारे ५,००० अणू. झिरकॉनमध्ये १० टक्के प्लुटोनियम कोंडलं, तर त्याचं स्फटिकपण १,४०० वर्षांत संपेल. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४,१०० वर्षं लागतात!

[दृश्य : प्रयोगशाळेतली भट्टी.]

मोडलेला झिरकॉन तापवला तर सावरतो. थोडा बिघडलेला लवकर. पार विस्कटलेल्याचे आधी झिर्कोनिया आणि सिलिका (झिर्कोनियम आणि सिलिकॉनची ऑक्साइडं) असे दोन भाग होतात. हजार अंशांच्या बऱ्याच पुढे गेल्यावर ते पुन्हा जुळतात.

मग दगडात कोंडलेल्या अणुकचऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेनं हे काम होणार नाही का? नाही. एक तर ती इतकी नसते. शिवाय सुरुवातीची बरीचशी उष्णता कचऱ्यातल्या सीझियम आणि स्ट्रॉन्शियमची. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायचा काळ, तीस वर्षांच्या आसपास. काही शतकांत ती ओसरते, अल्फाचा मारा मात्र हजारो वर्षं चालूच. म्हणून दगड निवडताना तो किती टणक आहे यापेक्षा किती कमी तापमानाला सावरतो, हे मी आधी विचारेन.

[दृश्य : केरळ. चवऱ्याचा किनारा, काळी वाळू.]

या वाळूत मोनाझाइट नावाचं फॉस्फेट खनिज आहे. त्यात थोरियम टक्क्यांत मोजावं लागतं, तरी निसर्गात मोनाझाइटचा स्फटिक सहसा मोडलेला सापडत नाही. त्याची जाळी झिरकॉनपेक्षा फार कमी तापमानाला पूर्ववत होते. प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : ज्याच्यावर आपला संशय होता तो अल्फा कणच जाता जाता विस्कटलेले अणू पुन्हा जागी बसवतो.

ट्रॉम्बे-तारापूरला आपल्याकडे अणुकचरा बोरोसिलिकेट काचेत मुरवतात. प्लुटोनियम त्याआधीच इंधनासाठी वेगळं काढलेलं असतं. ब्रिटनपुढचा पेच निराळा. सेलाफील्डच्या अणुकेंद्रात साठलेलं सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम इंधनासाठी न वापरता कायमचं बंदिस्त करायचं, असं तिथल्या सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. ते कशात कोंडायचं, याच्या पर्यायांत उष्णता आणि दाबानं घडवलेलं सिरॅमिक आहे. त्यासाठी अभ्यासलेलं एक खनिज झिर्कोनोलाइट. निसर्गातले त्याचे जुने नमुनेही माऱ्यानं स्फटिकपण गमावलेले सापडतात. तरी युरेनियम-थोरियम त्यांनी बहुतांशी धरून ठेवलेलं आहे.