डोक्यात गोळी लागली, तर रुग्ण वाचतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

डोक्यात गोळी म्हणजे मृत्यू, असं आपण धरून चालतो. ते बरंचसं खरंही आहे. पुष्कळ जण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रश्न जे पोहोचतात त्यांचा आहे. त्यातलं कोण वाचेल?

आपल्याला वाटतं, बंदूक कोणती होती हे आधी विचारत असतील. त्यालाही अर्थ आहे, कारण वेग दुप्पट झाला की गोळीची ऊर्जा चौपट होते. पण डॉक्टर आधी रुग्णाकडे बघतात. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तर हात हलवतो का? याला गुण देण्याची पद्धत १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी मांडली. कमाल गुण १५, किमान ३. म्हणजे काहीच प्रतिसाद न देणाऱ्यालाही इथे शून्य मिळत नाही! मग बॅटरीचा उजेड टाकून डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात का ते पाहायचं. दोन्ही बाहुल्या मोठ्या आणि स्थिर असतील, तर आशा फार थोडी.

त्यानंतर सीटी स्कॅन. गोळी मेंदूच्या एकाच बाजूतून गेली की मधली रेषा ओलांडून दुसरीकडे शिरली, यावर पुष्कळ काही ठरतं. ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतल्या टुसॉन इथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांच्या डोक्यातून गोळी आरपार गेली, पण ती डाव्या बाजूतच राहिली. शस्त्रक्रियेआधी त्या साध्या सूचना पाळत होत्या. सुजणाऱ्या मेंदूला जागा मिळावी म्हणून सर्जननी कवटीचा तुकडा काढून ठेवला. त्या वाचल्या, मात्र भाषेचं केंद्र बहुधा डावीकडेच असतं. बोलणं त्यांना नव्याने शिकावं लागलं.

अमेरिकेतल्या दोन ट्रॉमा केंद्रांतल्या, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांतल्या, मेंदू भेदणारी जखम झालेल्या ४१३ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ३३, आणि ८७ टक्के पुरुष. वाचले सुमारे ४२ टक्के. स्वतःवर गोळी झाडलेल्यांचं प्रमाण वाचणाऱ्यांत कमी होतं. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेल्यांचंही तसंच. दुसऱ्या रुग्णालयातून हलवलेले मात्र जास्त वाचले. यावरून प्रवासाने रुग्ण सुधारतो असं कुणी समजू नये. जे प्रवास झेपण्याइतके तगले, त्यांनाच तर हलवलं गेलं.

मला खरी भीती वाटते ती या आकड्यांच्या वापराची. गुण कमी म्हणून उपचार थांबवले, रुग्ण गेला, आणि तोच मृत्यू पुढच्या अभ्यासात ‘कमी गुण म्हणजे मृत्यू’ याचा पुरावा झाला. शिवाय रक्तस्रावाने रक्तदाब कोसळलेला असताना, किंवा गुंगीच्या औषधाखाली मोजलेले गुण फसवे असतात. आधी रक्तदाब सावरायचा, प्राणवायू द्यायचा, आणि मगच गुण पुन्हा मोजायचे. नातेवाइकांशी बोलताना कोणते गुण धरायचे? हे दुसऱ्यांदा मोजलेले.